जुना ट्रम्पेट घेताय? आधी पिस्टन बघा

जुना ट्रम्पेट हातात आला की नवशिक्याचं लक्ष बेलवर, म्हणजे पुढच्या रुंद तोंडावर, कोरलेल्या नावाकडे आणि पितळेच्या चकाकीकडे जातं. वाद्य कसं वाजेल हे या दोन्हींवरून कळत नाही. पन्नास-साठ वर्षं वाजलेल्या ट्रम्पेटमध्ये कायमचं नुकसान होतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक म्हणजे पिस्टन, बोटांनी दाबायच्या तीन दांड्या, आणि दुसरं म्हणजे लीडपाइप, तोंडाला लावायच्या माउथपीसपासून ट्यूनिंग स्लाइड या सूर जुळवायच्या सरकत्या नळीपर्यंत जाणारी पहिली नळी. बाकीचं बहुतेक सगळं चांगला कारागीर माफक पैशांत सुधारून देतो. पिस्टन झिजलेले असतील तर मात्र दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून हा सगळा लेख पिस्टनभोवती फिरणार आहे.

मग नवा सोडून जुना का घ्यावा? कारण आज अगदी कमी किमतीत मिळणाऱ्या नव्या ट्रम्पेटपैकी पुष्कळांचे पिस्टन वर्षा-दोन वर्षांत अडकू लागतात आणि सूर पहिल्या दिवसापासूनच डळमळीत असतात. त्याच पैशांत, किंवा थोडे जास्त घालून, विसाव्या शतकाच्या मध्यातला एखादा विद्यार्थी-मॉडेल ट्रम्पेट मिळाला आणि त्याची तब्येत ठीक असली, तर तो तुम्हाला पुढची अनेक वर्षं पुरेल.

कोणत्या नावांकडे बघायचं

अमेरिकेत इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव पितळी वाद्यांची पंढरीच. कॉन, ब्यूशर आणि मार्टिन या तिन्ही कंपन्या तिथल्या. क्लीव्हलंडची एच. एन. व्हाइट कंपनी ‘किंग’ या नावाने वाद्यं काढायची, आणि पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिसमध्ये ओल्ड्स होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या शाळांतले बँड खूप वाढले. त्यांच्यासाठी या कंपन्यांनी जी मॉडेल्स काढली ती शाळकरी मुलांच्या हातात टिकावीत अशीच घडवलेली होती. नवशिक्याने शोधायची ती हीच.

माझी पहिली पसंती ओल्ड्स अँबॅसडर. वजनाने भक्कम, पिस्टन दणकट, आणि आवाज विद्यार्थी-मॉडेलच्या मानाने फार भरीव. ओल्ड्सचा कारखाना १९५४ मध्ये लॉस एंजेलिसहून फुलर्टनला गेला आणि १९७९ मध्ये कंपनी बंद पडली. बेलवर यांपैकी कोणत्या गावाचं नाव कोरलंय ते बघितलं की काळाचा ढोबळ अंदाज येतो. कॉनचं ‘डायरेक्टर’ हे मॉडेलही चांगलं. त्यातल्या काहींची बेल ‘कॉप्रियन’, म्हणजे विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवत बिनजोड घडवलेली असते. ती लालसर दिसते आणि तिचा आवाज जरा मऊ येतो. विस्कॉन्सिनच्या गेट्झेन कंपनीची जुनी वाद्यं पिस्टनच्या टिकाऊपणासाठी नावाजलेली आहेत. यामाहाने १९६० च्या दशकात ट्रम्पेट बनवायला सुरुवात केली. त्यांची १९७० च्या दशकातली विद्यार्थी-मॉडेल्स दिसायला साधी, पण सुराला पक्की.

मोठ्या नावांपासून सुरुवातीला दूर राहा. मार्टिन कमिटी हे मॉडेल माइल्स डेव्हिस आणि डिझी गिलेस्पी या जॅझवादकांच्या हातात गाजलं, त्यामुळे त्याची किंमत संग्राहकांनी चढवून ठेवली आहे. शिवाय १९६० च्या दशकात मार्टिन कंपनीचे मालक बदलत गेले, आणि त्यानंतर त्याच नावाने निघालेली वाद्यं घडणीत वेगळी आहेत. बाखचंही तसंच. ऑस्ट्रियात जन्मलेला ट्रम्पेटवादक व्हिन्सेंट बाख याने १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माउथपीस बनवायला सुरुवात केली, पुढे ट्रम्पेट काढले, १९५३ मध्ये कारखाना माउंट व्हर्ननला नेला आणि १९६१ मध्ये ती सेल्मर कंपनीला विकली. ‘माउंट व्हर्नन’ अशी कोरणी असली की किंमत उडी मारते. त्या जादा पैशांतून मिळणारा फरक ऐकू यायला कान आणि ओठ आधी तयार व्हावे लागतात.

आपल्याकडे काय सापडतं? मुंबईत आणि गोव्यात जुने ट्रम्पेट निघण्याला सबळ कारण आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांनी मुंबईतले हॉटेलांचे बँड आणि सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे केले. आल्डोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, हे ट्रम्पेटवादक ताजमहाल हॉटेलात वाजवायचे आणि अमेरिकेच्या विख्यात जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जायचे. त्या पिढीतल्या वादकांच्या घरांत, वांद्र्याला, धोबीतलावला किंवा गोव्यातल्या गावी, कपाटावर एखादा बॉक्स पडून असू शकतो. ओळखीपाळखीने विचारा. चोरबाजारातला ‘अँटिक ट्रम्पेट’ मात्र बहुधा दिवाणखान्यात टांगण्यासाठी घडवलेला असतो. पिस्टन खालीवर होतात, पण आत हवा अडवण्याची सोयच नसते.

आणखी दोन गोष्टी ओळखायला शिका. कॉर्नेट ट्रम्पेटपेक्षा आखूड आणि आटोपशीर असतो, त्याच्या नळीचा बराच भाग हळूहळू रुंदावत जातो आणि त्याच्या माउथपीसची दांडी बारीक असते. कॉर्नेट वाईट नाही, पण ट्रम्पेट समजून घेऊ नका. मेरठच्या जली कोठी भागात वरातीच्या बँडसाठी पिढ्यान्‌पिढ्या पितळी वाद्यं बनतात. ती वाजवायला हरकत नाही, फक्त ‘विंटेज’ या नावाखाली त्यांना परदेशी जुन्या वाद्याचा भाव देऊ नका.

हातात घेतल्यावर काय तपासायचं

सोबत मऊ सुती कापड, पिस्टनच्या तेलाची छोटी बाटली आणि मोबाइलचा टॉर्च न्या. विकणाऱ्याची परवानगी घेऊन पिस्टन एकेक करून बाहेर काढा, पुसा आणि बघा. बहुतेक जुन्या पिस्टनवर निकेलचा मुलामा असतो, काही मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे असतात. मुलामा झिजून खालचा पिवळा किंवा तांबूस धातू मोठ्या पट्ट्यांत दिसत असेल तर भाव खूप खाली आणा, नाहीतर सोडून द्या. बारीक उभे ओरखडे चालतात. आडवे खोल ओरखडे चालत नाहीत.

आता हवा सुटते का ते बघायचं. पिस्टनला तेल घालून परत बसवा. पहिल्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे त्याला जोडलेली सरकती नळी, पिस्टन न दाबता, दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ओढा. मनात पाचपर्यंत आकडे मोजा आणि मग पिस्टन दाबा. ‘टॉक्’ असा स्पष्ट आवाज आला तर स्लाइड ओढल्यामुळे आत तयार झालेली पोकळी तोवर टिकून होती, म्हणजे पिस्टन घट्ट आहे. आवाज आलाच नाही तर हवा कुठूनतरी आत शिरली. कधीकधी पिस्टन ठीक असतो आणि स्लाइडच कोरडी असल्याने हवा सुटते, म्हणून स्लाइडला ग्रीस लावून पुन्हा एकदा करा. हीच चाचणी तिन्ही पिस्टनवर घ्या. कोणत्याही जाहिरातीपेक्षा, वंशावळीपेक्षा आणि विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा या पाच सेकंदांवर माझा जास्त भरवसा आहे.

पिस्टन परत घालताना क्रम चुकवू नका. प्रत्येकावर १, २, ३ असा आकडा कोरलेला असतो. माउथपीसच्या बाजूचा तो पहिला. पिस्टन आत सरकवल्यावर हलकेच फिरवायचा, त्याची खूण खाचेत बसल्याचं बोटाला कळतं. फुंकल्यावर हवा पुढे जातच नसेल तर वाद्य बिघडलेलं नसून पिस्टन उलटसुलट बसलेत, असं आधी समजा. जुन्या वाद्यांच्या बाबतीत ‘वाजतच नाही’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या काहींचा रोग एवढाच असतो.

मग लीडपाइप. ट्यूनिंग स्लाइड पूर्ण काढा आणि नळीतून उजेडाकडे बघा. आत हिरवट थर असेल तर तो धुऊन निघतो. बाहेरच्या बाजूला गुलाबी-तांबूस ठिपके आणि त्यांच्या मधोमध काळा बिंदू दिसला तर सावध व्हा. आत साचलेल्या थुंकीच्या ओलाव्यामुळे पितळेतलं जस्त निघून जातं, मागे तांबं उरतं आणि नळी आतून पोखरली जाते. ठिपका दिसला म्हणजे सडण आतून बाहेर पोचली आहे. लीडपाइप बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करा.

पोचे बघून घाबरू नका. बेलच्या काठावरचा पोचा आवाजात फारसा फरक करत नाही. १९५३ मध्ये डिझी गिलेस्पीच्या ट्रम्पेटवर कुणीतरी पडलं आणि बेल वर वाकली. त्याला तो आवाज इतका आवडला की पुढे त्याने वर वळलेल्या बेलचेच ट्रम्पेट मुद्दाम बनवून घेतले. मात्र लीडपाइपवरचा पोचा आणि पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या नळकांड्यावरचा पोचा वेगळा. नळकांडं केसभर जरी दबलं तरी पिस्टन अडकतो, आणि ते काम सगळ्यांना जमत नाही.

अडकलेली स्लाइड ही भाव कमी करायची संधी आहे, वाद्य नाकारायचं कारण नाही. अडकलेला माउथपीसही तसाच. तो फक्त पक्कडीने ओढू नका. त्यासाठी माउथपीस पुलर नावाचं साधन असतं, ते दुरुस्ती करणाऱ्याकडे मिळतं. पक्कडीने पिळलं की लीडपाइप मुरगळतो आणि आतापर्यंत चांगलं असलेलं वाद्य तुमच्याच हातून जातं.

शेवटी लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक लेप. पन्नास वर्षांचा ट्रम्पेट आरशासारखा लखलखत असेल तर कोरलेली अक्षरं जवळून बघा. त्यांच्या कडा पुसट, बोथट झाल्या असतील तर वाद्य मशीनवर घासून पुन्हा लॅकर मारलेलं आहे, म्हणजेच पत्रा पातळ झाला आहे. ठिपके पडलेलं, जागोजागी उडालेलं मूळ लॅकर मला त्याहून कितीतरी प्रिय.

परदेशातून मागवत असाल तर विकणाऱ्याकडून बाहेर काढलेल्या पिस्टनचे फोटो, ‘टॉक्’ चाचणीचा व्हिडिओ आणि दुसऱ्या पिस्टनच्या नळकांड्यावरचा अनुक्रमांक मागा. बहुतेक जुन्या कंपन्यांचे अनुक्रमांक आणि वर्षं यांच्या याद्या इंटरनेटवर मिळतात. कस्टम ड्युटी आणि पाठवणीचा खर्च आधी विचारा. एकूण रकमेचा पाव हिस्सा तरी पहिल्या सफाई-दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

काळी पाच लागते का?

आजचा नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा, म्हणजे काळी पाचचा असतो. ट्रम्पेटवादक ज्याला ‘सी’ म्हणतात तो, एकही पिस्टन न दाबता वाजवलेला सूर पेटीच्या काळी पाचशी जुळायला हवा. घेण्यापूर्वी हे तपासाच, कारण इथे दोन सापळे आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक ट्रम्पेटना बी फ्लॅटवरून ए मध्ये उतरायची सोय असते. कधी लांब ओढता येणारी स्लाइड, कधी एक छोटा फिरता व्हॉल्व्ह. ती ए वर राहिली असेल तर ट्रम्पेट पांढरी सहामध्ये बोलेल. हा दोष नाही, स्लाइड आत ढकला किंवा व्हॉल्व्ह फिरवा.

दुसरा सापळा खरा. साधारण १९२० च्या आधीच्या अमेरिकी वाद्यांत आणि त्यानंतरही बराच काळ बनलेल्या काही ब्रिटिश वाद्यांत ‘हाय पिच’ आढळतो. ए हा सूर आज ४४० हर्ट्झ धरतात, तेव्हा तो ४५२ ते ४५७ च्या आसपास धरत. ब्रिटनच्या ब्रास बँडमध्ये ही पद्धत १९६० च्या दशकापर्यंत टिकली. असं वाद्य काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्येच कुठेतरी बोलतं. ट्यूनिंग स्लाइड ओढून मोकळा सूर खाली आणता येतो, पण मग पिस्टनच्या नळ्या त्या मानाने आखूड पडतात आणि दाबून काढलेले सूर चढे येतात. इतरांबरोबर वाजवायचं असेल तर असं वाद्य घेऊ नका. अमेरिकी वाद्यांवर कधीकधी ‘एचपी’ (हाय पिच) किंवा ‘एलपी’ (लो पिच) अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. तुम्हाला ‘एलपी’ हवं. ज्या पेटीशी जुळवताय ती स्वतः ४४० ला आहे ना, हे मोबाइलवरच्या ट्यूनरने आधी बघून घ्या.

वाजवायला सुरुवात

वाद्याबरोबर आलेला जुना माउथपीस लगेच तोंडाला लावू नका. साबणाच्या कोमट पाण्यात घासून धुवा, आणि ओठ टेकतो त्या कडेचा चांदीचा मुलामा उडालाय का बघा. उघड्या पितळेने काहींचे ओठ चुरचुरतात. शंका असेल तर नवा घ्या. बाखच्या मापातला ७ सी हा सुरुवातीचा रूढ आकार. या पद्धतीत आकडा जितका लहान तितका माउथपीस रुंद, आणि अक्षर ए कडून पुढे सरकेल तशी वाटी उथळ. माउथपीस बसवल्यावर तो डुगडुगत असेल तर दांडी त्या वाद्याची नाही.

जुन्या ट्रम्पेटशी वागताना एक सवय बदलावी लागते. आजच्या पुष्कळ ट्रम्पेटची नळी ११.६६ मिलिमीटर व्यासाची असते, काही जुन्या कॉनची ११.१ च्या आसपास. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण श्वासाला तो लगेच कळतो. जोर लावून फुंकलं की अरुंद नळीचं वाद्य आक्रसतं आणि आवाज टोचायला लागतो. कमी हवा, संथ आणि अखंड सोडा. वाद्याचं वजन डाव्या हातावर पेला. उजव्या करंगळीच्या हुकाने ट्रम्पेट ओठांवर दाबण्याची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

पहिले काही आठवडे लांब सुरांचे. तानपुऱ्याचं ॲप काळी पाचवर लावा. खालचा सी हा तुमचा सा, त्यावरचा जी हा पंचम. दोन्ही एकही पिस्टन न दाबता येतात. त्यांच्या वरचा सी म्हणजे तार सा, आणि त्याच्याही वर तसाच मोकळा येणारा ई म्हणजे गंधार. इथे एक गंमत होते. बहुतेक ट्रम्पेटवर हा मोकळा ई ट्यूनरच्या काट्यावर उतरलेला दिसतो आणि नवशिका वाद्याला दोष देतो. तानपुरा चालू असताना तोच सूर लावा. तो जुळतो, कारण नळीचा पाचवा नैसर्गिक स्वर आणि तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार एकाच नियमातून येतात. पेटी किंवा कीबोर्डबरोबर वाजवताना मात्र ओठांनी तो किंचित चढवावा लागतो, किंवा पहिला आणि दुसरा पिस्टन दाबून तोच ई घ्यावा लागतो, तो थोडा चढा येतो. कान तयार करायला यापेक्षा चांगला रियाज मला माहीत नाही, आणि तो आपल्या घरात सहज होण्यासारखा आहे.

खालचे डी आणि सी शार्प चढे येतील. हे सगळ्या ट्रम्पेटमध्ये होतं. प्रत्येक पिस्टनची जादा नळी एकट्या वापरासाठी मोजलेली असते. दोन-तीन पिस्टन एकदम दाबले की एकूण लांबी थोडी कमी पडते. उपाय म्हणजे तिसरी स्लाइड बोटाने बाहेर सरकवणं. पुष्कळ जुन्या ट्रम्पेटच्या या स्लाइडला बोटाची कडी नसते. कारागीर ती डागून देतो. संग्राहकाला असा बदल आवडणार नाही, पण वाजवण्यासाठी घेतलेल्या वाद्याला कडी लावून घ्याच.

निगा

रोज वाजवून झाल्यावर पाणी काढा, माउथपीस काढून ठेवा, आणि हात लागलेला भाग कोरड्या कापडाने पुसा. माउथपीस वाद्यात अडकतो तो बहुतेक वेळा तिथेच राहून गेल्यामुळे. पिस्टनला दोन-तीन दिवसांनी तेल. जुन्या, थोड्या सैल पिस्टनला मुद्दाम दाट बनवलेलं तेल मिळतं, ते वापरा. त्याने फट भरून निघते आणि दमछाक कमी होते. खोबरेल अजिबात नको. साधारण २४ अंशांखाली ते गोठायला लागतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात किंवा एसी सभागृहात पिस्टन जागच्या जागी थांबतील. स्लाइडना स्लाइडचं ग्रीसच लावा.

महिन्यातून एकदा आंघोळ. पिस्टन आणि स्लाइड काढून, भांडी घासायच्या सौम्य लिक्विड सोपचे चार थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात नळ्या बुडवा, लवचीक लांब ब्रश लीडपाइपमधून फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल आणि ग्रीस. पाणी गरम नको, जुनं लॅकर सुटतं. पिस्टनवरची फेल्टची चकती भिजू देऊ नका.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. देवाची उपकरणी आपण चिंच, लिंबू किंवा पितांबरीने लख्ख करतो. ट्रम्पेटला यातलं काहीही लावायचं नाही. आंबट पदार्थ लॅकरच्या उघड्या कडांखाली शिरतात आणि घासण्याने चांदीचा पातळ मुलामा निघून जातो. काळपट झालेलं जुनं पितळ जसं आहे तसं राहू द्या. चांदीचा ट्रम्पेट चांदीसाठीच्या मऊ कापडाने, तोही क्वचित, पुसा. रबरबँड आणि लोकर यांत गंधक असतं, त्यामुळे बॉक्समध्ये ती ठेवली तर चांदी लवकर काळवंडते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जुन्या बॉक्सच्या मखमली अस्तराला बुरशी धरते. मूळ बॉक्स आठवण म्हणून ठेवा आणि वाद्य नव्या बॉक्समध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. वाजवणं काही आठवडे थांबणार असेल तर धुऊन, वाळवून, स्लाइडना भरपूर ग्रीस लावून ठेवा. ओलं वाद्य बंद करून ठेवणं हे लीडपाइप सडण्याचं सर्वांत मोठं कारण आहे.

दुरुस्तीला देताना क्रम असा ठेवा. आधी आतली सफाई, फेल्ट आणि पाणी काढायच्या चावीचा बूच बदलणं, अडकलेल्या स्लाइड सोडवणं. त्यानंतर लीडपाइप आणि नळकांड्यांजवळचे पोचे. बेलचे पोचे सर्वांत शेवटी, पैसे उरले तर. पिस्टनवर पुन्हा मुलामा चढवून ते बसवून घेण्याचं काम निघालं तर आधी लेखी अंदाज मागा. आणि वाद्य सोपवताना चिठ्ठीवर ठळक लिहून बॉक्समध्ये ठेवा: पॉलिश नको, बफिंग नको, नवं लॅकर नको, आणि पिस्टनला पॉलिश पेपर लावू नये.